पाववाल्यानंतर कोण?

३ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद लिहायची सवय आहे, पण आज मोजकेच पाठवतेय.

परवापासून तू सारखे फोन करते आहेस आणि मी उचलत नाही. ऐकू येत नाही अशातला भाग नाही. मशीनवर बसून मी त्या वाजणाऱ्या फोनकडे बघत असते. आईची रीत तुला आठवत असेल. आपल्या दोघींचं वाजलं की ती बोलणं बंद करायला लावायची आणि हातात कागद द्यायची. लिहिता लिहिता निम्मा राग उतरतो असं तिचं म्हणणं. माझा हा दुसरा कागद आहे आणि काहीही उतरलेलं नाही.

टेकाडावरचं दगडी घर तू घेतलंस, हे मला खालच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं. शिवाय माझं अभिनंदनही केलं. मी दातात दोरा धरून हसले आणि वर येऊन कुणाचा तरी चांगला पडदा उलट्या बाजूनं शिवून ठेवला. धाकटे, तुला माहीत होतं. घर सोडायची वेळ आली तर पहिल्यांदा मला विचारतील, असा तिथल्या पाववाल्या काकांनी मला शब्द दिला होता. हे मी तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझाच चहा पिताना तुला सांगितलं. तू मान डोलावलीस. मला वाटलं, ऐकते आहेस. तू तर जागा हेरून ठेवत होतीस!

माझी ऐपत नव्हती, हे मलाही कळतं. उभा जन्म लोकांचे पडदे शिवून मी भाड्याच्या दोन खोल्यांतून बाहेर पडले नाही. काकांनी विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. पण नाही म्हणायला तरी मिळालं असतं ना! तेवढंच माझं होतं, तेही तू नेलंस.

आणि घेतलंस ते काय घेतलंस, याचा पत्ता आहे का तुला? त्या घराच्या एका खिडकीचं माप दुसरीला लागत नाही. का, ते काकांनी मला सांगितलंय, तुला नाही. पहिला मालक खाणवाला. गावातल्या प्रत्येक बांधकामाला दगड तोच पुरवायचा आणि प्रत्येक गाडीतला एक चांगला दगड बाजूला काढून ठेवायचा. त्याच्या भावाची वीटभट्टी होती. भावाचं घर आधी उभं राहिलं, आणि हा रोज त्याच्यासमोरून जाताना जळायचा. शेवटी त्या बाजूला काढलेल्या दगडांतून यानं आपलं घर बांधलं. जसा दगड हाती आला तशी भिंत, आणि जशी भिंत तशी खिडकी. ते घर पायापासून हेव्यावर उभं आहे. तुला अगदी शोभेल.

पडदे लागतील तेव्हा बाजारातून तयार आण आणि बसतात का बघ.

लोभ आहे. तो कमी करायचा प्रयत्न चालू आहे.

तुझी,
ताई


९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. माझा नमस्कार पूर्ण वाकून आहे, तुझ्या आशीर्वादासारखा मोजूनमापून नाही.

हो, मला माहीत होतं. आता ऐक. काका मुलीकडे राहायला जाणार, हे मला माझ्या दवाखान्यात कळलं. दात दुखत असला तरी माणसं बातम्या सांगायची थांबत नाहीत. एक हॉटेलवाला ते घर घ्यायला टपून बसला होता. पाडून तिथे खोल्या काढणार होता. मी तुझ्यासाठी थांबले असते तर आज टेकाडावर त्याची पाटी दिसली असती. ताई, कुणीतरी येऊन आपल्याला विचारेल म्हणून तू वाट बघत बसतेस, आणि विचारलं नाही की रुसतेस. लहानपणापासून तुझं हेच. मी विचारत नाही, मी मागते. म्हणून मी मेली स्वार्थी.

आणि काकांनी मला घर दिलं ते काही उपकार म्हणून नाही. दोघी बहिणींपैकी एकीला हवंय, एवढं दलालानं सांगितलं, आणि काका पुढचं ऐकायलाही थांबले नाहीत. हॉटेलवाल्याला त्यांनी तिथल्या तिथे वाटेला लावलं. त्यांना आता दिसत नाही फारसं, हिंडवत नाही, म्हणून सह्या मुलीनं केल्या. पण शब्द त्यांचा. का, सांगू? त्यांची कवळी मी केलीय. आधीच्या दोन कवळ्या बोलताना खाली पडायच्या. जिच्यामुळे चार घास नीट चावता येतात तिला माणूस विसरत नाही, ताई.

तुझा खाणवाला तर अर्धाच आहे. पुढचं मला घड्याळजीच्या नातीनं सांगितलं, तिची अक्कलदाढ काढली तेव्हा. खाणवाल्याला मूलबाळ नव्हतं. भाऊ घरावर डोळा ठेवून होता. यानं त्याच्या नाकावर टिच्चून घर सुईणीला दिलं. निघताना स्वतः छिन्नी घेऊन दाराच्या आतल्या बाजूला, चौकटीवरच्या लांब दगडावर, आपल्या ‘खाणवाला’ या शब्दाखाली ‘सुईण’ असं कोरलं. तिला सांगून गेला की राहणाऱ्यानं स्वतःचं काही कोरायचं नाही. जाणाऱ्यानं येणाऱ्याचं कोरायचं. कुणाच्या हाती सोडतोय हे दगडात लिहावं लागलं, की माणूस विचार करून सोडतो. सुईणीनं घड्याळजीला दिलं, कारण मूल कितीला जन्मलं यावरून लोक तिच्याशी वाद घालायचे आणि तिचं घड्याळ तो फुकट लावून द्यायचा. घड्याळजीनं पाववाल्याला दिलं, कारण घड्याळाशिवाय वेळेवर उठणारा गावात तोच एक होता.

आता काका पाथरवटाला पाठवणार आहेत. पाववाल्याखाली माझा शब्द येणार. ‘दंतवैद्य’ व्हावा अशी इच्छा आहे, पण आपण सांगायचं नसतं म्हणे, म्हणून गप्प आहे. तू हसशील, पण मी त्या दगडाची वाट बघतेय. शाळेत मी ताईची बहीण होते. बाबा घरात शिरताना तुला हाक मारायचे, मला नाही. आईची पोलकी तू शिवायचीस, म्हणून पाहुण्यांपुढे कौतुक तुझं. मी डॉक्टर झाले तरी आत्या विचारते की पडदे शिवते ती तूच का. एक तरी जागा अशी असू दे, जिथे माझ्या आधी तू नसशील.

आमचे हे पुलाच्या कामावर आहेत. परवा येऊन गेले, दोनदा चौकटीला डोकं आपटलं. घर बुटक्या माणसांनी बांधलंय असं त्यांचं मत.

राग धर, पण पत्र लिहीत राहा.

तुझीच,
धाकटी


१६ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. कवळीचा किस्सा वाचून दोन वाढवले होते, आत्याचं वाचून एक परत घेतला. आत्याला वयामुळे आठवत नाही, त्याचं खापर माझ्या डोक्यावर का?

बाबा मला हाक मारायचे ते चहा टाक म्हणून. तुला कुणी हाक मारत नव्हतं, कारण तू अभ्यास करत बसायचीस आणि तुला उठवायचं नाही असा घरात हुकूम होता. तुला फीचे पैसे मिळाले, मला मशीन मिळालं. तू त्या हाकेवर आणि मी त्या पुस्तकांवर जळत बसलो, असं दिसतंय. हे मी आजच लिहिताना पाहिलं. त्यामुळे राग उतरलाय असं मात्र समजू नकोस.

कोरतील ते कोरतील. ‘दंतवैद्य’ म्हणजे फार लांब. काका पावाला पावच म्हणायचे, सरळ माणूस. ‘दातपाडी’ कोरलं तर मला आधी कळव.

काल पडद्याचं माप घ्यायला टेकाडाच्या खालच्या रस्त्यानं गेले होते. मान वर केली नाही. केली, एकदाच. उत्तरेच्या खोलीच्या खिडकीला तू वर्तमानपत्र चिकटवलंयस. घड्याळजी तिथे बसून काम करायचा, कारण दिवसभर सारखा उजेड असतो. मी त्या खिडकीचा पडदा शिवला होता तेव्हा काका म्हणाले होते की इथे खरं तर तुझं मशीन हवं. ते वर्तमानपत्र काढ, बघवत नाही.

लोभाचं काय ते तुझं तू बघ.

ताई


२ एप्रिल

ताई,

नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट विचारते. तू काकांना काय सांगितलंस?

आज सकाळी दवाखान्यात जायच्या आधी टेकाडावरच्या घरी गेले. पाथरवट काल येऊन काम करून गेला होता. दाराच्या आत उभी राहिले, वर बघितलं. खाणवाला, सुईण, घड्याळजी, पाववाला. आणि त्याखाली, नवा कोरा, अजून दगडाची भुकटी अक्षरांत अडकलेली: ‘पडदेवाली’.

मी तिथेच पायरीवर बसले. दवाखान्यात माणसं जबडा धरून बसली असतील, बसोत. घर मी घेतलं, कर्ज माझ्या डोक्यावर, गळकं छत माझ्या वाट्याला, आणि दगडावर तू!

पाथरवटाला परत बोलावलं. पुसून टाक म्हटलं. तो म्हणाला की खोल कोरलंय, ते घालवायचं तर सगळा दगड घासून खाली आणावा लागेल, म्हणजे वरचे चौघंही जातील. मला चौघांना घालवायचं नाही, एकीला घालवायचंय. त्यानं खांदे उडवले आणि हत्यारं गोळा केली.

मग त्यालाच विचारलं, हा शब्द कुणी दिला. काकांनी दिला. काका त्याला म्हणाले की ती इतकी वर्षं त्या घराच्या खिडक्या मापत आलीय, तिला घर मिळालं, आता मला सुखानं झोप लागेल. तुला मिळालं, ताई. तुला! दलालानं दोघी बहिणींपैकी एक म्हटलं, आणि काकांच्या डोक्यात बहीण एकच. हॉटेलवाल्याला हाकललं ते तुझ्यासाठी. कवळीचा काही संबंध नाही. त्यांच्या लेखी मी फक्त ‘डॉक्टर’ आहे, कुणाची बहीण वगैरे नाही. आणि गंमत बघ, कुणाचीही बहीण नसावं हेच मी मागत होते.

मला तुझा इतका हेवा वाटतोय की लिहिताना पेन कागदात घुसतंय. घर माझं, आणि तिथेही मी ताईची बहीणच.

धाकटी


७ एप्रिल

चि. धाकटीस,

सगळे आशीर्वाद, एकही न राखता.

मी काकांना काही सांगितलेलं नाही. ते मुलीकडे गेल्यापासून त्यांना भेटलेलीही नाही, कारण रुसले होते. तुला खोटं वाटत असेल तर वाटू दे.

पण तुझ्यापासून लपवत नाही, पत्र वाचून मी हसले. इतकी हसले की इस्त्रीवाला वर बघायला आला. मग शब्द पुन्हा वाचला आणि रडले. तेही त्यानं बघितलं. आता तो मला बिचकून असतो. काकांनी शब्द पाळला, धाकटे. त्यांच्या मनानं तरी त्यांनी मलाच दिलं. मला विचारलं नाही, कारण त्यांना वाटलं मीच मागितलंय. मी मागितलं असं वाटून त्यांना आनंद झाला! मी मागू शकते हेच मला कधी सुचलं नाही.

तुझी चडफड मला कळते. गेला महिनाभर मीही तेच करतेय. तुझ्याकडे घर आहे आणि शब्द नाही, माझ्याकडे शब्द आहे आणि घर नाही. दोघींनाही निम्म्यानं भागत नाही. आईनं एकच पेरू दोघींत कापला की आपण दोन्ही फोडी तिच्यासमोर मोजून बघायचो, तसंच आहे हे.

तू काय करणार ते मला माहीत नाही. दगडाला हात मात्र लावू नकोस. एवढं मी मागते. बघ, शिकले.

तुझी,
ताई


१८ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मागच्या पत्रात तुझ्यावर नसता आळ घेतला, तो मागे घेते. बाकीचं तसंच राहू दे.

काल काकांकडे गेले. मुलीच्या घरी ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. आवाजावरून ओळखलं आणि म्हणाले, डॉक्टर, कवळी घट्ट झालीय, सैल करून द्या. मी आधी कवळी घासून दिली. मग सगळं सांगितलं. घर मी घेतलंय, पडदेवाली माझी सख्खी बहीण, आणि दगडावर चूक झालीय. त्यांनी मान खाली घातली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं धक्का बसला, नाडी बघायला गेले. तर म्हातारा आतल्या आत हसत होता. त्यांचं म्हणणं, चूक असेल तर दलालाची. त्यांनी विचार करून सोडलं, तो शब्द बरोबरच आहे.

मी म्हटलं, मग माझ्यासाठी खाली अजून एक कोरा. ते म्हणाले, मी निघालो, माझी पाळी संपली. पुढचा शब्द आता पडदेवालीनंच कोरायचा, आणि तोही घर सोडताना. मी म्हटलं, ती राहिलीच नाही तर सोडणार कशी? त्यावर ते म्हणाले की मग आधी राहू दे.

त्यांच्या पाया पडून उठले आणि रस्त्यानं बडबडत घरी आले. कुणी बघितलं असेल तर डॉक्टरीण बिघडली असं म्हणालं असेल.

तर ताई, मी मागते. तू इथे राहायला ये. प्रेम उतू चाललंय म्हणून नाही, गैरसमज नको. मला माझा शब्द हवाय आणि तो तुझ्या हातात अडकलाय. उत्तरेच्या खिडकीवरचं वर्तमानपत्र काढलंय. खरं सांगायचं तर ते मी चिकटवलं होतं, कारण त्या खिडकीकडे बघितलं की तू तिथे बसलेली दिसायचीस, आणि मला ते सोसत नव्हतं. आता रिकामी खिडकी त्याहून सोसत नाही.

हे कामावर असतात, घरात मी एकटी. छत मी दुरुस्त केलंय. मशीन वर चढवायला दोन माणसं सांगून ठेवते.

येतेस का, एवढंच लिही.

धाकटी


२५ एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वाद. येते.

अटी आहेत. उत्तरेची खोली माझी. पडदे माझ्या पसंतीच्या कापडाचे, तुझ्या दवाखान्यातले ते हिरवे नकोत, दाढ ठणकायला लागते. घरात माझं गिऱ्हाईक आलं तर कुरकुर नको. तुझ्या ह्यांच्या डोक्यासाठी चौकटीला मी गादी शिवून लावीन, शब्द झाकणार नाही अशी.

आणि माझ्या येण्यावर उपकार केल्यासारखं तोंड करायचं नाही. काकांच्या हिशेबानं तूच माझ्याकडे राहतेस.

इस्त्रीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला की मग आता हसायला-रडायला वर कोण?

बाकी भेटीअंती भांडू.

ताई


१२ ऑगस्ट, दगडी घर

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तू तुझ्या ह्यांच्याकडे पुलावर जाऊन आठवडा होत आला, आणि घरात भांडायला कुणी नाही. म्हणून आईच्या रीतीनं कागद घेतला.

पडदे सगळे लागले. तुझ्या खोलीचा काल लावला, तो जरा आखूड झालाय. खिडकीच वाकडी आहे, शिवण नाही. सकाळी घड्याळजीच्या जागी मशीनवर बसते. उजेड खरंच सारखा असतो. हात भरून येईपर्यंत शिवते आणि मग मान वर करते तर समोर टेकाडाखालचा रस्ता, जिथून मी मान वर न करता जायची.

तुझ्या स्वयंपाकघरातल्या खिडकीशी असलेल्या खुर्चीचा मला अजून हेवा वाटतो. तिथून ऊन पाठीवर येतं. तू नसताना बसते. सांगून ठेवते, मागाहून कळायला नको.

आज पाथरवट आला होता. तू जाण्याआधी त्याला सांगून गेलीस म्हणे, की ताईला विचार, माझा शब्द कधी कोरायचा. मी त्याला चहा दिला. दाराशी स्टूल घेऊन तो चढला, ‘पडदेवाली’खालची जागा हातानं चाचपली, आणि अजून एक शब्द आरामात मावेल म्हणाला. मला विचारलं, कोणता. मी सांगितलं, ‘दंतवैद्य’. अक्षरं मी त्याला कागदावर काढून दिली, मोठी, तुला आवडतात तशी.

मग त्यानं विचारलं, कधी. खाणवाल्याचा नियम तूच मला लिहिला होतास, जाणाऱ्यानं कोरायचं. मला इथून जायला दुसरी जागा नाही, धाकटे, आणि शोधायची इच्छाही नाही. म्हणजे या घरातून मी जाईन ती एकाच रीतीनं. पाथरवट खाली उतरला, कागद घडी करून खिशात घातला आणि उत्तरासाठी थांबला. मी म्हटलं, धाकटीला विचारून सांगते.

तूच कळव. घाई आहे का तुला?

तुझी,
ताई


१७ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

घाई नाही. पाथरवटाकडून तो कागद परत घे आणि तुझ्या मशीनच्या खणात अगदी तळाशी टाक.

शनिवारी येते. खुर्ची रिकामी करून ठेव.

तुझी बहीण